एका कंपनीचा इंजिन-संगणक दुसऱ्या कंपनीच्या गाडीत: नक्की काय काय जुळवावं लागतं?

माझ्या पीएचडीचा विषय इंजिनाचं कॅलिब्रेशन आहे असं सांगितलं की समोरचा दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "म्हणजे गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवता येतं का?" आणि दुसरा, जरा हौशी माणूस असेल तर, "एका गाडीचा ईसीयू काढून दुसऱ्या गाडीत बसवता येतो का?" पहिल्या प्रश्नावर पुन्हा कधीतरी. दुसरा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खूप खोल आहे. त्याचं उत्तर नीट शोधलं तर इंजिनाच्या संगणकात नक्की काय भरलेलं असतं हे आपोआप कळतं.

थोडक्यात उत्तर असं: हो, बसवता येतो. पण तारा जोडणं हा त्यातला सोपा भाग. त्या डब्याच्या आत दुसऱ्याच इंजिनाचं वर्णन लिहिलेलं असतं. ते वर्णन बदलल्याशिवाय संगणक नव्या इंजिनाशी जुन्यासारखाच वागत राहतो.

हवेत बोलण्यापेक्षा एक खरं उदाहरण घेऊ. अमेरिकेत हे उदाहरण इतक्या वेळा करून झालंय की त्याची तयार किटं विकली जातात: अमेरिकन मोटर्सच्या जीपमध्ये जनरल मोटर्सचा संगणक.

हे करावंसं का वाटलं?

जीप सीजे-७ ही गाडी १९७६ ते १९८६ या काळात बनली. तिच्यात बऱ्याचदा २५८ घन इंचाचं, म्हणजे ४.२ लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन असायचं. हेच इंजिन पुढे रँग्लरमध्ये १९९०पर्यंत चाललं. इंजिन दणकट. अडचण कार्ब्युरेटरची. १९८०च्या दशकात उत्सर्जनाचे नियम पाळण्यासाठी त्या कार्ब्युरेटरवर स्टेपर मोटर बसली, आजूबाजूला व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जंजाळ आलं. वीस वर्षांनी त्या नळ्या कडक होऊन तडकल्या की नक्की कुठून हवा शिरतेय हे शोधता शोधता मेकॅनिकचा दिवस जातो.

शिवाय कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल एका छोट्या वाटीत साठतं आणि तरंगणारा फ्लोट त्याची पातळी राखतो. सपाट रस्त्यावर हे ठीक. जीप मात्र चढावर, दगडांवर, एका अंगावर कलून चालवतात. वाटी कलली की पातळी चुकते, इंजिन फडफडतं आणि नेमकं नको तिथे बंद पडतं.

याच सुमारास जनरल मोटर्सच्या ट्रकांत थ्रॉटल बॉडी इंजेक्शन आलं होतं. कार्ब्युरेटरच्या जागी बसणारी तशीच एक बॉडी, तिच्यात दोन इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा १२२७७४७ क्रमांकाचा संगणक. जीएमच्या भाषेत ईसीएम. हा डबा लाखो ट्रकांत गेला, त्यामुळे भंगारात मुबलक मिळायचा. उष्णता, धक्के, थंडीतला स्टार्ट हे सगळं कंपनीनेच तपासलेलं. घरगुती जुगाडाला एवढा भरवसा कुठून मिळणार?

संगणक काय मोजतो आणि काय गृहीत धरतो

इथेच खरी गंमत आहे. सिलिंडरमध्ये किती हवा गेली हे हा संगणक थेट मोजत नाही. तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, तापमानाचा अंदाज घेतो आणि अकरावी-बारावीत शिकलेल्या आदर्श वायूच्या समीकरणावरून हवेचं वजन काढतो. या पद्धतीला स्पीड-डेन्सिटी म्हणतात.

आपणच करून बघू. २५८च्या एका सिलिंडरचं आकारमान साधारण ७०५ घन सेंटिमीटर. मॅनिफोल्डमधला दाब ५० किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या साधारण निम्मा. पाय पेडलवर अर्धवट आहे असं समजा. हवेचं तापमान ४७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३२० केल्विन. दाब गुणिले आकारमान, भागिले वायूचा स्थिरांक २८७ आणि तापमान. उत्तर येतं सुमारे ०.३८ ग्रॅम.

पण सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाही. व्हॉल्व्हची वाट अरुंद असते, जळालेला थोडा वायू आत उरतो, हवेला आत यायला वेळही कमी मिळतो. म्हणून या उत्तराला भरणक्षमतेने गुणायचं. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून हिला व्हीई म्हणतात. समजा ती ७५ टक्के आहे. मग हवा ०.२८८ ग्रॅम. पेट्रोल पूर्ण जळायला हवेच्या १४.७वा भाग लागतो, म्हणजे १९.६ मिलिग्रॅम. इंजेक्टर सेकंदाला ५ ग्रॅम पेट्रोल सोडत असेल तर तो जवळजवळ ३.९ मिलिसेकंद उघडा ठेवायचा. वर त्याला उघडायला लागणारा वेळ मिळवायचा. झालं गणित.

आता या गणितात कुठली संख्या कुठून आली ते बघा. दाब सेन्सरने दिला. वायूचा स्थिरांक निसर्गाने दिला. पण सिलिंडरचं आकारमान, इंजेक्टरचा प्रवाह आणि ते ७५ टक्के? हे तिन्ही आकडे कुणीतरी आधीच चिपमध्ये लिहून ठेवलेत. पहिले दोन तर एकाच स्थिरांकात गुंडाळलेले असतात. आणि भरणक्षमता हा एकच आकडा नसून अख्खं कोष्टक असतं: एका बाजूला इंजिनाचा वेग, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब. हे कोष्टक म्हणजे शिंप्याने एका माणसाच्या अंगाचं घेतलेलं माप. दुसऱ्याच्या अंगावर तो सदरा चढेलही, पण काखेत काचेल.

दाता निवडताना

मग जीएमच्या कुठल्या इंजिनाची चिप घ्यायची? हा ईसीएम व्ही-८ इंजिनांवरही होता आणि ४.३ लिटरच्या व्ही-६वरही. २५८साठी बहुतेक लोक व्ही-६कडे वळतात. का ते आकड्यांत बघा.

जीएमचं ४.३ हे त्यांच्याच ५.७ लिटरच्या व्ही-८चं पाऊण इंजिन आहे. बोअर आणि स्ट्रोक तेच, फक्त दोन सिलिंडर कमी. एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ७१७ घन सेंटिमीटर. आपल्या २५८चं ७०५. फरक दोन टक्क्यांहून कमी! शिवाय या व्ही-६च्या क्रँकच्या पिना ३० अंशांनी सरकवलेल्या आहेत, त्यामुळे ठिणग्या समान अंतराने, दर १२० अंशांना पडतात. एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचंही तसंच. म्हणजे संगणकाला येणारा ठोका दोन्हीकडे सारखा.

याउलट व्ही-८ची चिप तशीच लावली तर? व्ही-८मध्ये एका फेऱ्यात चार ठोके येतात, सहा सिलिंडरांत तीन. इंजिन २,००० फेऱ्यांनी फिरत असताना संगणकाला वाटणार की ते १,५००नेच फिरतंय. मग तो प्रत्येक कोष्टकात चुकीच्या ओळीत जाऊन वाचणार. कोष्टक कितीही अचूक असलं तरी काय उपयोग?

पण आकारमान जुळलं म्हणून भरणक्षमता जुळली असं होत नाही. जीएमच्या इंजिनाचा बोअर १०१.६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.४. जीपचा बोअर ९५.२५ आणि स्ट्रोक ९८.९. म्हणजे एक सिलिंडर रुंद आणि बुटका, दुसरा अरुंद आणि उंच. अरुंद सिलिंडरवर मोठे व्हॉल्व्ह मावत नाहीत. कॅमशाफ्ट वेगळा, मॅनिफोल्डची लांबी वेगळी. त्यामुळे कमी वेगात २५८ मस्त श्वास घेतं आणि वेग चढला की धापा टाकतं. एका स्थिरांकाने हा फरक भरून निघत नाही, कारण कोष्टकाचा आकारच बदललेला असतो.

सेन्सर संगणकाबरोबर येतात

इथे एक नियम पाठ करून ठेवा: इंजिन जीपचं असलं तरी सेन्सर संगणकाच्या माहेरचे हवेत.

कारण साधं आहे. कूलंटचा सेन्सर तापमान सांगत नाही, फक्त रोध सांगतो. जीएमचा सेन्सर २० अंशांना साधारण ३,५२० ओहम दाखवतो आणि १०० अंशांना १७७. या दोन टोकांमधला वक्र चिपमध्ये लिहिलेला आहे. तिथे वेगळ्या वक्राचा सेन्सर लावला तर गरम इंजिनाला संगणक थंड समजेल आणि चोक ओढल्यासारखं पेट्रोल ओतत राहील. जीपच्या डॅशबोर्डवरच्या काट्याला त्याचा जुना सेन्सर राहू द्यायचा आणि ईसीएमला स्वतःचा द्यायचा. सरळ दोन सेन्सर.

पेट्रोलच्या दाबाचंही तेच. कार्ब्युरेटरला यांत्रिक पंपाचे ४ ते ६ पीएसआय पुरतात. या थ्रॉटल बॉडीला ९ ते १३ लागतात. म्हणून विजेचा पंप आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी आली. दाब बदलला की इंजेक्टरचा प्रवाह बदलतो, आणि मग आपण वर केलेलं ३.९ मिलिसेकंदांचं गणित चुकतं.

वेगाचा सेन्सर लोक सगळ्यात आधी टाळतात. "गाडी त्याच्याशिवायही चालते की!" चालते खरी. पण सिग्नलपाशी येताना गाडी थांबत आली आहे की अजून धावते आहे हे संगणकाला कळत नाही. मग आयडलची हवा सांभाळणारी छोटी मोटर गोंधळते आणि थांबता थांबता इंजिन बंद पडतं.

ठिणगी: इथे घाई नको

ज्यांना ठिणगीत हात घालायचा नाही ते जुना डिस्ट्रिब्युटर तसाच ठेवतात आणि ईसीएमला फक्त पेट्रोल सांभाळायला देतात. हे चालतं. पण ठिणगीही संगणकाकडे द्यायची असेल तर काम वाढतं.

जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वेगाप्रमाणे ठिणगी अलीकडे ओढणारी वजनं असतात आणि व्हॅक्यूमचा डबा असतो. आता हे काम संगणक करणार, म्हणून ही दोन्ही जाम करावी लागतात. नाहीतर एकच सुधारणा दोनदा होते. जीपच्या डिस्ट्रिब्युटरमधला चुंबकी पिकअप जीएमच्या आठ पिनांच्या इग्निशन मॉड्यूलला जोडता येतो. स्टार्टर मारताना मॉड्यूल स्वतःच ठिणगी देतो. इंजिनाने वेग घेतला की ईसीएम एका तारेवर ५ व्होल्ट पाठवून सूत्रं हातात घेतो. पायाभूत टायमिंग लावताना हीच तार सोडवून ठेवायची असते.

आणि एक बारीक गोष्ट, जी आकृत्यांत सहज निसटते. वजनं जाम केल्यावर ठिणगी १० अंशांवर पडो की ३५वर, त्या क्षणी रोटरचं टोक कॅपमधल्या योग्य खिळ्यासमोर असायला हवं. तसं नसेल तर ठिणगी शेजारच्या सिलिंडरकडे उडी मारू शकते. टायमिंग लाइटवर सगळं बरोबर दिसेल आणि इंजिन मात्र ठोके देईल.

ठोक्यांवरून नॉक सेन्सरची गोष्ट. नॉकिंग होतं तेव्हा सिलिंडरमधला वायू घंटेसारखा घुमतो. त्याचा सूर कोणता हे मुख्यतः बोअर ठरवतो. हे गणित चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३०च्या दशकात एमआयटीत मांडलं. पुढे अपोलो यानांचा मार्गदर्शन-संगणक ज्या प्रयोगशाळेत घडला, तिचे प्रमुख हेच. सूत्र सोपं आहे: १.८४ गुणिले तप्त वायूतला ध्वनीचा वेग, भागिले पाय गुणिले बोअर. वेग सेकंदाला ९५० मीटर धरला तर जीएमच्या बोअरसाठी सूर सुमारे ५,५०० हर्ट्झ येतो आणि जीपसाठी सुमारे ५,८५०. सेन्सर आणि त्याचा फिल्टर जीएमच्या सुरावर कान लावून बसलेले. त्यांना जीपचा ठोका ऐकू येईल का? कदाचित अर्धवट. म्हणून परक्या इंजिनावर नॉक सेन्सरच्या भरवशावर टायमिंग पुढे ढकलत जाणं धोक्याचं.

कोष्टक कसं दुरुस्त करायचं

आता सगळ्यात सुंदर भाग. हा संगणक स्वतःची चूक स्वतःच सांगतो.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पेट्रोलने जड आहे की हलकं हे कळवतो. त्यावरून ईसीएम इंजेक्टरचा वेळ थोडा कमीजास्त करतो आणि ही सुधारणा एका आठ बिटांच्या आकड्यात लक्षात ठेवतो. १२८ म्हणजे सगळं आलबेल. १४० म्हणजे? १४० भागिले १२८, म्हणजे १.०९४. संगणक म्हणतोय, "तुमचं कोष्टक इथे कमी पडतंय, मला ९.४ टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागलं." मग कोष्टकातल्या त्या घराचा आकडा तेवढा वाढवायचा. ११८ आला तर जवळजवळ ८ टक्क्यांनी कमी करायचा.

हे आकडे संगणक डायग्नोस्टिक तारेवरून पाठवतो, सेकंदाला १६० बिट या गतीने. एक पूर्ण नोंद यायला साधारण सव्वा सेकंद लागतो. इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल तर तेवढ्यात ६० फेरे उलटून गेलेले असतात. म्हणून स्थिर वेगात, लांब रस्त्यावर, सावकाश नोंदी घ्यायच्या. मग चिप काढायची, अतिनील दिव्याखाली १५-२० मिनिटं ठेवून पुसायची, नवं कोष्टक भरायचं आणि परत बसवायची. त्या चिपमध्ये एकूण ४,०९६ बाइट असतात. तुम्ही आत्ता वाचताय तो लेखसुद्धा त्यात मावणार नाही!

पण ही मदत एका ठिकाणी संपते. पेडल पूर्ण दाबल्यावर इंजिनाला १४.७ नव्हे, साडेबारा-तेराच्या आसपास मिश्रण लागतं. जास्तीचं पेट्रोल ज्वलनाचं तापमान आवाक्यात ठेवतं. साध्या ऑक्सिजन सेन्सरला १४.७च्या अलीकडे की पलीकडे एवढंच नीट कळतं. म्हणून पूर्ण थ्रॉटलला ईसीएम त्याचं ऐकणं बंद करतो आणि फक्त कोष्टकावर चालतो. म्हणजे जिथे चूक सगळ्यात महाग पडते, नेमकं तिथेच संगणक आंधळा असतो. मिश्रण हलकं आणि ठिणगी अलीकडे असं झालं तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. इथे वाइडबँड सेन्सर लावून मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. रोजच्या वापरात गाडी छान चालते, याचा अर्थ चढावर भार ओढतानाही ती सुरक्षित आहे असा होत नाही.

माझ्या संशोधनाशी याचा काय संबंध?

कंपन्यांनाही हाच प्रश्न पडतो, फक्त मोठ्या प्रमाणावर. आजच्या इंजिन-संगणकात हजारो कॅलिब्रेशन आकडे असतात. नवं इंजिन आलं की सगळं शून्यापासून मोजायचं म्हटलं तर टेस्ट बेडवर महिनेच्या महिने जातात. मग जुन्या इंजिनाचं कॅलिब्रेशन नव्यावर किती वापरता येईल?

जीपच्या उदाहरणाने आपल्याला आकड्यांचे तीन ढीग करून दिलेत. पहिला ढीग निसर्गाचा: वायूचं समीकरण, ज्वलनाचं प्रमाण. हे कुठेही तसेच चालतात. दुसरा ढीग सेन्सर आणि इंजेक्टरचा: तो भाग सोबत आला की आकडेही येतात. तिसरा ढीग त्या इंजिनाच्या देहाचा: भरणक्षमता, ठिणगीचा कोन, ठोक्याचा सूर. हा पुन्हा मोजावाच लागतो. पण तोसुद्धा कोऱ्या पाटीवरून नव्हे. दोन इंजिनांच्या कोष्टकांतला फरक सहसा गुळगुळीत असतो, तो अचानक उड्या मारत नाही. म्हणून सगळी घरं न मोजता मोजकीच मोजायची आणि मधला फरक गॉसियन प्रोसेससारख्या संख्याशास्त्रीय पद्धतीने भरायचा. ही पद्धत अंदाजाबरोबर त्या अंदाजाची खात्री किती हेही सांगते. जिथे खात्री कमी, तिथे पुढचं माप घ्यायचं. आणि पूर्ण थ्रॉटलच्या घरांत मोठी खात्री नसेल तर मोजमाप टाळायचं नाही, हा नियम मी यंत्रावर सोडत नाही.

कायद्याचं काय?

हे वाचून कुणी लगेच पाना उचलू नये म्हणून सांगते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीतले फेरफार बांधून ठेवलेत आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते काटेकोरपणे वाचलं. अमेरिकेतही उत्सर्जन-यंत्रणेत ढवळाढवळ करणं क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदेशीर आहे. तिथे २०१५मध्ये दुरुस्ती आणि कायदेशीर बदलांसाठी गाडीचं सॉफ्टवेअर उघडायला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली, तरी प्रदूषणाचे नियम जिथल्या तिथे राहिले. ते बरोबरच आहे. चुकीचं कोष्टक मालकाचं इंजिन जाळतं, पण त्याचा धूर शेजाऱ्याच्या नाकात जातो.

तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या ४,०९६ बाइटना कुलूप नव्हतं. चिप काढून कुणालाही वाचता येत होती, म्हणूनच एका बंद पडलेल्या कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या मेंदूवर आजही चालतंय. अमेरिकन मोटर्स १९८७मध्ये क्रायस्लरने घेतली. तिचे कार्ब्युरेटर आता नव्याने कोण बनवणार? आजचे ईसीयू कूटबद्ध असतात आणि त्याला सुरक्षेची खरी कारणंही आहेत. पण तीस वर्षांनी आजच्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे होतील तेव्हा त्यांच्या पोटातलं इंजिनाचं वर्णन वाचायला कुणाला मिळणार, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

आणि तोवर कुणी तुम्हाला म्हणालं, "ईसीयू काय, चार तारा जोडल्या की झालं," तर त्याला एवढंच विचारा: पूर्ण थ्रॉटलला मिश्रण किती मोजलंस?